कवठाचा फोन

इंदिरा नगरच्या त्या गल्लीत चंद्रप्रभा हेर्लेकरांचं घर शोधायला नंबर विचारावा लागत नाही. सगळ्या दारांपुढं कुंड्या आणि स्कूटर, आणि एकाच दारापुढं, दोन बोटांची का होईना, पण रांगोळी. माहेर मिरजेचं. नवऱ्याची बँकेतली बदली लखनौला झाली तेव्हा "दोन-तीन वर्षांत परत जाऊ" असं ठरलं होतं. तेच म्हणता म्हणता इथं घर बांधलं, मुलगी शिकली, नवरा निवृत्त झाला, आणि परत जायचं राहूनच गेलं. मराठी मंडळातल्या बायका त्यांना प्रभाकाकू म्हणतात. शेजारच्या विभा श्रीवास्तव म्हणतात भाभीजी.

धनंजयराव म्हणजे त्यांचे यजमान, फार अबोल माणूस. बँकेत बोलायचे असतील तेवढंच. घरी आले की संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी एक लाकडी स्टूल होतं, त्यावर बसायचे. हातात पेपर असायचा, पण पान उलटल्याचा आवाज क्वचितच यायचा. प्रभाकाकू ओट्याशी उभ्या राहून एकीकडं भाजी चिरत आणि एकीकडं बोलत. भाजीवाल्या भैयानं आज मटार कसे महाग लावले, मिरजेहून वहिनीचा फोन आला, अनघाच्या शाळेत काय झालं. उत्तर यायचं नाही. मग त्या चिडायच्या. "अहो, भिंतीशी बोलतेय की काय मी? हूं तरी म्हणा की!" तर ते म्हणायचे, "हूं."

एक वाक्य मात्र ते रोज बोलत. आमटी उकळली की प्रभाकाकू पळीत चार थेंब घेऊन त्यांच्यापुढं धरायच्या, "मीठ बघा हो." ते चाखायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे." कमी असलं तरी बरोबर, जास्त झालं तरी बरोबर. उभ्या संसारात मिठावरून त्या माणसानं एकदा तोंड वाकडं केलं नाही. अनघा लहानपणी म्हणायची, "बाबांना विचारून काय फायदा? ते तर खोटं बोलतात."

दोन वर्षांपूर्वी ऐन थंडीत, धुकं उतरलेलं असताना, धनंजयराव गेले. हृदयानं दगा दिला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पहिले दिवस माणसांत गेले. मग माणसं आपापल्या घरी गेली. आणि प्रभाकाकूंच्या ध्यानात आलं की ते घर फार शांत झालंय. त्यांना याचं नवल वाटे. ते होते तेव्हा तरी कुठं बोलत होते? मग आता नवीन काय गेलं? पण संध्याकाळ झाली, देवापाशी दिवा लावला, उदबत्ती फिरवली आणि स्वयंपाकघरात पाय टाकला, की हातच चालायचा नाही. कुणासाठी चिरायचं? फोडणी कुणासाठी घालायची? मग चहा करायचा, त्यात डबलरोटी बुडवायची, झालं जेवण. देवाला मात्र सकाळी वाटीभर दूध-साखर न चुकता. देव उपाशी राहू नये एवढं भान होतं.

अनघा इथंच, जानकीपुरम विस्तारातल्या औषध संशोधनाच्या सरकारी संस्थेत शास्त्रज्ञ. घर तिकडंच. नवरा इंद्रजित कानपूरचा. एका रविवारी ती आली आणि तिनं फ्रिज उघडला. आत डबलरोटीची दोन पाकिटं, दूध आणि एक सुकलेलं लिंबू.

"आई, हे काय आहे? तू जेवतेस तरी का?"

"जेवते की."

"क्या जेवते? यह खाना है? चल माझ्याबरोबर जानकीपुरमला. आजच."

"तिथं येऊन काय करू? तू दिवसभर प्रयोगशाळेत. मी तुझ्या भिंती मोजत बसू? इथल्या भिंती तरी ओळखीच्या आहेत."

अनघा रडली नाही. ती बापावर गेली आहे. गप्प बसली आणि मग तिनं आईच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. नाव 'सोबत'. पुण्याची एक संस्था चालवत होती. ज्यांचं माणूस गेलंय, जे एकटे पडलेत, त्यांनी फोन लावायचा. पलीकडं तुमच्याच भाषेत बोलणारं कुणीतरी असतं. तुमचं नाव त्यांना कळत नाही, त्यांचं तुम्हाला नाही. ॲप प्रत्येकाला एका फळाचं नाव देतं. प्रभाकाकूंना मिळालं 'जांभूळ'.

"जांभूळ म्हणे," त्या म्हणाल्या. "या वयात."

पण त्यांनी फोन लावला. पलीकडच्या बाईनं ऐकलं, सल्ला दिला नाही, मध्येच 'देवाची इच्छा' असंही म्हणाली नाही. नुसतं ऐकलं. प्रभाकाकूंना बरं वाटलं. काही महिन्यांनी संस्थेनं विचारलं, मराठी बोलणारे स्वयंसेवक कमी आहेत, तुम्ही ऐकणाऱ्याच्या बाजूला याल का? त्या म्हणाल्या, येईन की. शिकवणी फोनवरच, व्हिडिओवर. शिकवणारी पूर्वा म्हणून पुण्याची एक तरुण मुलगी होती. पहिल्याच सरावात प्रभाकाकूंनी एका खोट्या खोट्या दुःखी माणसाला सांगितलं, "रोज सकाळी लवकर उठा, तुळशीला पाणी घाला, मन शांत होतं."

"काकू, सल्ला नाही द्यायचा," पूर्वा म्हणाली.

"हा सल्ला कुठं आहे? हे तर पाणी आहे."

पूर्वा खूप हसली. पण नियम नियमच. सल्ला द्यायचा नाही, देवाधर्माचं सांगायचं नाही, नाव-गाव विचारायचं नाही. समोरचा बोलेल ते ऐकायचं. फोन झाला की समोरच्यानं तीन चेहऱ्यांपैकी एक दाबायचा, रडका, मधला किंवा हसरा. तो संस्थेला दिसतो.

तर अशी प्रभाकाकूंची संध्याकाळ ठरली. सहा वाजले की फोन सुरू. आवळा म्हणून एक आजोबा होते, ते सुनेच्या तक्रारी सांगायचे. पेरू म्हणजे नाशिककडची एक शिक्षिका, तिची बहीण गेली होती. चिंच नावाची मुलगी कुठं परदेशात होती, ती फक्त पुरणपोळीबद्दल बोलायची. प्रभाकाकू सगळ्यांचं ऐकत, "हो ना," "मग हो," "असं म्हणाली?" करत. अनघाला सांगताना त्या म्हणायच्या, "आज आवळ्याचा मूड बरा होता." अनघा इंद्रजितला सांगायची, "मम्मी की सब्जी मंडी अच्छी चल रही है."

आणि मग एके दिवशी कवठाचा फोन आला.

"नमस्कार," प्रभाकाकू म्हणाल्या. "बोला. मी ऐकतेय."

काहीच नाही. लाइन चालू होती. पंखा फिरल्यासारखी बारीक घरघर येत होती, बाकी शुकशुकाट.

"सावकाश बोला. घाई नाही."

काहीच नाही. शिकवणीत सांगितलं होतं की शांततेला घाबरू नये. दुसऱ्या स्वयंसेवकांना तीच फार जड जायची म्हणे. मिनिटभर गप्प राहिलं की त्यांना घाम फुटायचा. प्रभाकाकूंना त्याचं काहीच वाटलं नाही. न बोलणाऱ्या माणसाची त्यांना चाळीस वर्षांची सवय होती. त्या वाट बघत बसल्या. मग दिवेलागण झाली तसा त्यांचा जीव अस्वस्थ व्हायला लागला. "जरा थांबा हं, दिवा लावून येते," असं म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. दिवा लावला, हलकेच घंटा वाजवली, नेहमीचा श्लोक तोंडातल्या तोंडात म्हटला. परत आल्या तर लाइन चालूच.

आता नुसतं काय उभं राहायचं? हाताला काहीतरी चाळा हवा, म्हणून त्यांनी टोपलीतला बटाटा घेतला आणि सोलायला लागल्या. सोलला तसा चिरला. चिरला तशी कढई ठेवली. मोहरी तडतडली, हिंगाचा वास सुटला, आणि प्रभाकाकूंच्या तोंडून आपोआप निघालं, "इथं बटाटे बघा कसे मिळतात, नुसते माती लागलेले. भैयाला म्हटलं, अरे धुऊन तरी आण, तर म्हणतो, माताजी, मिट्टी में ही तो ताकत है."

नियमात बसत होतं की नाही कोण जाणे. ठरलेली वेळ संपली आणि फोन आपला आपण बंद झाला. त्या रात्री कित्येक महिन्यांनी प्रभाकाकूंनी पोळी-भाजी खाल्ली. केली होती, टाकायची कशी?

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला कवठ. तिसऱ्या दिवशीही. मग रविवारची सुट्टी सोडून रोजच. एक शब्द नाही. बाकीचे फोन आधी आटपून त्या वेळेला प्रभाकाकू मोकळ्या राहायला लागल्या. फोन लागला की त्या म्हणत, "आलात? बरं. आज मेथी आहे." फोन ओट्यावर, साखरेच्या डब्याला टेकवून. मग मेथी खुडायची. कणीक मळायची. पोळपाट-लाटण्याचा आवाज. कुकर लावायचा, आणि त्याच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करत "झालं बाई!" म्हणायचं. ही त्यांची जुनी सवय. मध्ये दिवा, घंटा, उदबत्ती. गल्लीतून तिळाची गजक विकणाऱ्याची हाळी. कवठ सगळं ऐकत असे. निदान प्रभाकाकूंची समजूत तरी तशीच होती.

त्यांनी मनाशी कवठाचं एक चित्र काढलं होतं. म्हातारा माणूस. बायको गेलेली. मोठं घर, मुलं लांब. स्वयंपाकघर बंद, डबा येत असणार. डब्याला वास असतो, पण आवाज नसतो. घर म्हणजे काय हो, शेवटी भांड्याला भांडं लागल्याचा आवाजच की.

पण आवाजाचं एक असतं, खोटा काढता येत नाही. फोडणीचा आवाज हवा तर फोडणी घालावी लागते. पोळी लाटल्याचा आवाज हवा तर कणीक लागते. भैयाकडून परत भाजी यायला लागली. डाळी निवडून डबे भरले. थंडी संपली, होळीला पुरण शिजलं, पुढं मलिहाबादचे दशहरी आंबे आले तेव्हा अनघानं पेटी आणून ठेवली आणि फ्रिज उघडला. आत वाटीत आमटी, झाकलेली भाजी, कोथिंबीर कापडात गुंडाळलेली.

"आई," ती म्हणाली, "कुणी येतंय का जेवायला?"

"छे. कोण येणार?"

"मग एवढं?"

"भूक लागते," प्रभाकाकू म्हणाल्या आणि आंबा धुवायला वळल्या.

विभा श्रीवास्तवांनी मात्र पकडलं. त्यांची खिडकी स्वयंपाकघराला लागूनच. "भाभीजी, बुरा न मानें, पर शाम को आप किससे बातें करती हैं? कल आप कह रही थीं, आज भिंडी जरा चिपचिपी हो गई। किससे?"

"फोन पर हैं कोई."

"वह तो कुछ बोलते ही नहीं!"

"सुनते हैं," प्रभाकाकू म्हणाल्या.

विभाभाभींनी डोळे बारीक केले. "ऐसा मर्द हमें भी दिलवा दीजिए," त्या म्हणाल्या आणि दोघी हसल्या. पण मागाहून विभाभाभींनी अनघाला हळूच सांगितलं, मम्मी का जरा ध्यान रखिए.

श्रावण लागायच्या आधी एका शनिवारी दुपारी पूर्वाचा फोन आला. आवाजात नेहमीचा खट्याळपणा नव्हता.

"काकू, कवठाबद्दल बोलायचं होतं."

प्रभाकाकूंनी लगेच विचारलं, "काय झालं त्यांना?"

"झालं काही नाही. पण इतक्या महिन्यांत त्यांचा एक शब्द नाही. एकदाही चेहरा दाबलेला नाही. कंप्युटर असे फोन वेगळे काढतो. आणि आमचा नियम आहे काकू, कुणी इतकं गप्प असेल तर ते काळजीचं असतं. त्यांना समुपदेशकाकडं द्यायचं. डॉक्टरबाई आहेत, चांगल्या आहेत. सोमवारपासून कवठाचा फोन त्यांच्याकडं जाईल."

"माझ्याकडून काही चुकलं का गं? मी दिवा लावते तेव्हा घंटा वाजवते. देवाधर्माचं नको म्हणाली होतीस तू."

"घंटेचं काही नाही हो काकू."

"मी बोलतेच फार. भाजीचंच बोलते."

पूर्वा हळूच म्हणाली, "काकू, रागावू नका. पण पलीकडं कुणी ऐकतंय, हे तरी कशावरून? ॲपमध्ये सोय आहे, रोज ठरावीक वेळेला फोन आपोआप लागेल अशी. एकदा लावून ठेवली की माणूस विसरला तरी फोन लागत राहतो. कदाचित फोन टेबलावर पडलेला असेल. तुम्ही इतका जीव लावता, म्हणून सांगते."

प्रभाकाकूंनी ओट्यावरच्या साखरेच्या डब्याकडं बघितलं.

"उद्या रविवार, म्हणून आज शेवटचा. त्यांना सांगाल ना, सोमवारपासून दुसऱ्या ताई असतील म्हणून? ऐकत असतील तर कळेल तरी."

पोरीचं काही चूक नव्हतं. बरोबरच बोलत होती. पण फोन ठेवल्यावर प्रभाकाकू कितीतरी वेळ स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या. टेबलावर पडलेला फोन. कुठल्यातरी रिकाम्या खोलीत, साचलेल्या धुळीत, आपला आवाज जातोय. मेथीचं, भेंडीचं, मिरजेच्या वहिनीचं. आणि आपण इकडं 'आलात? बरं' म्हणतोय. विभाभाभींचे बारीक केलेले डोळे त्यांना आठवले. त्यांनी देवाकडं बघितलं. देव काही बोलला नाही. त्यांच्या वाट्याला सगळे अबोलच आले होते.

संध्याकाळी फोन लागला. वेळेवर. आज त्या वेळेवर येण्याचाच त्यांना राग आला. यंत्रच ते, येणारच वेळेवर.

"आलात?" त्या म्हणाल्या. पुढचं 'बरं' निघालं नाही.

फोन साखरेच्या डब्याला टेकवला. मुगाची खिचडी करायची होती. डाळ-तांदूळ धुतले, फोडणी घातली, कुकरला झाकण लावलं. सगळं मुक्यानं. सांगायचं होतं एकच वाक्य. सोमवारपासून दुसऱ्या ताई. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्या म्हणाल्या, "दिवा लावून येते."

देवापाशी बसल्या. दिवा लावला. घंटा हातात घेतली ती तशीच खाली ठेवली. "देवा," त्या म्हणाल्या, "तिथं कुणी नसेल तर नसू दे. पण असेल, तर त्यांना वाटायला नको की मी टाकलं." आणि मग त्यांना रडू आलं. धनंजयराव गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, नीट रडता आलं नव्हतं. ते सगळं तेव्हाचं आत्ता आलं. पदर तोंडाला लावून त्या तिथंच बसून राहिल्या. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मग आणखी झाली. आणि आणखी. कानांवर पडत होतं, मनात जात नव्हतं.

"काकू."

प्रभाकाकू दचकल्या. पुरुषाचा आवाज. स्वयंपाकघरातून. दोन वर्षांत त्या खोलीतून असा आवाज आला नव्हता.

"काकू! कुकर!"

त्या धडपडत उठल्या. कुकर फुसफुसत होता, करपल्याचा वास सुटला होता. त्यांनी गॅस बंद केला आणि ओट्याची कड धरून उभ्या राहिल्या. साखरेच्या डब्याला टेकून फोन होता तिथंच होता.

"आहात होय तुम्ही?" त्या म्हणाल्या.

बराच वेळ नुसती घरघर. मग तोच आवाज, घोगरा, गंज चढल्यासारखा. म्हाताऱ्याचा नव्हता. चाळिशीतला असेल फार तर.

"आहे."

"रोज?"

"रोज." मग थांबून, "तीन झाल्या की तुम्ही 'झालं बाई' म्हणता. आज म्हणाला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला काही झालं."

प्रभाकाकूंना हसू आलं आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, दोन्ही एकदमच. "मला काय होतंय! खिचडी लागली फक्त."

"लागली?"

"खाली लागली. वरची चांगली असेल. आता याला इकडचा मसालेभात, तेहरी, म्हणून खपवते कुणाला तरी."

पलीकडं एक आवाज झाला. हसण्याच्या जवळपासचा. मग परत गप्प. प्रभाकाकूंनी विचारलं नाही की तुमचं कोण गेलं. त्यांच्या ध्यानातच आलं नाही. नाव-गावही विचारलं नाही. पण जे सांगायचं होतं ते मात्र सांगून टाकलं. "सोमवारपासून दुसऱ्या ताई बोलणार आहेत तुमच्याशी. डॉक्टर आहेत. चांगल्या आहेत म्हणे."

मग तो म्हणाला, "त्या स्वयंपाक करतात?"

"ते बाई मला नाही माहीत."

"मला बोलायला जमत नाही," तो म्हणाला. प्रत्येक शब्दामागं दम घेत होता. "तुम्ही कधी विचारलं नाहीत, का बोलत नाही म्हणून. घरात आवाज होता. तेवढ्यावर मी..." पुढचं त्यानं सोडून दिलं.

"कळलं," प्रभाकाकू म्हणाल्या. "राहू दे. पण डॉक्टरबाईंशी बोला हं थोडं. हा सल्ला नाही."

वेळ संपली आणि फोन बंद झाला.

त्यांनी लगेच पूर्वाला फोन लावला. ती गर्दीत कुठंतरी होती. प्रभाकाकूंनी सगळं सांगितलं, कुकरपासून. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडतेस काय?"

"नाही. काकू, सहा महिन्यांत त्या माणसाचा पहिला शब्द 'कुकर' आहे?"

"पहिला 'काकू'. मग कुकर."

"थांबा, मी बोलते वरिष्ठांशी. डॉक्टरबाई पाहिजेतच काकू, ते मी सोडणार नाही. पण आठवड्यातून एक दिवस त्यांचा. बाकीच्या संध्याकाळी..." ती अडखळली. "तुमच्याकडं नियमात बसवून घेते काहीतरी. काय लिहू? काय करता तुम्ही नक्की?"

"लिही, स्वयंपाक."

रविवारी अनघा आली तेव्हा प्रभाकाकूंनी तिला पहिल्यांदा कवठाबद्दल सांगितलं. अनघा ऐकत राहिली. मग म्हणाली, "विभा आंटी मला म्हणाली होती, मम्मी अकेले में बोलती हैं. मी घाबरले होते. तुला डॉक्टरकडं न्यायचं ठरवलं होतं मी."

"न्यायचं होतंस की. डबा घेऊन आले असते."

"आई, यार..." अनघा म्हणाली आणि लहानपणी बसायची तशी ओट्यावर चढून बसली.

मंगळवारी संध्याकाळी फोन लागला. प्रभाकाकू म्हणाल्या, "आलात? बरं. आज तुरीच्या डाळीची आमटी आहे." उत्तर आलं नाही, आणि त्यांनाही त्याचं काही वाटलं नाही. त्या माणसाला आठवड्याचे शब्द डॉक्टरबाईंसाठी पुरवून वापरायचे असतील. डाळ घोटली. चिंचेचा कोळ घातला, गूळ घातला. कुकर आधीच उतरवला होता, 'झालं बाई'सकट. दिवा लावला, घंटा वाजवली. गल्लीत कुणाची तरी स्कूटर सुरू होईना, पोरं ढकलत होती.

आणि मग पलीकडून काहीतरी ऐकू आलं. प्रभाकाकूंनी पळी हातात धरून कान दिला. खुर्ची सरकवल्याचा आवाज. मग ताट ठेवल्याचा. स्टीलचं ताट असणार, खणकन वाजलं. वाटी घसरली आणि थांबली. डबा उघडल्याचा आवाजही झाला, घट्ट बसलेल्या झाकणाचा. तो माणूस जेवायला बसत होता.

प्रभाकाकूंनी दाराशी असलेलं लाकडी स्टूल ओट्याजवळ ओढलं, त्यावर फोन ठेवला आणि आपलं ताट वाढून घेतलं. आमटी उकळत होती. पळीत चार थेंब घेतले, आणि इतक्या वर्षांचा हात सवयीनं स्टुलाकडं गेला.

"मीठ बघा हो," त्या म्हणाल्या, आणि म्हटल्यावर ओशाळल्या.

पलीकडं चमचा थांबला. मग तो घोगरा आवाज अगदी गंभीरपणे म्हणाला, "बरोबर असेल."

प्रभाकाकूंनी पळी तोंडाला लावली. मीठ कमी होतं.

त्यांनी तशीच आमटी वाढून घेतली, आणि जेवायला बसल्या.